हाताला आराम नको, मला द्या

फ्रोजन शोल्डरचं, म्हणजे आखडून जाम झालेल्या खांद्याचं ऑपरेशन होऊन घरी आल्यापासून भेटायला येणारं प्रत्येक माणूस मला एकच वाक्य ऐकवतंय, "हाताला आराम दे हं जरा." सासूबाईंनी सांगून झालं, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगून झालं, सिन्नरहून नणंद आली ती डिंकाचे लाडू आणि हेच वाक्य घेऊन आली (मला शुगर आहे हे माहीत असून लाडू, पण ते जाऊ दे), परवा तर दूधवाल्यानेसुद्धा सांगितलं. आणि डॉक्टर आणि फिजिओ नेमकं उलटं सांगतायत, की हात हलवा, दिवसातून तीन-चार वेळा हलवा, थोडं दुखलं तरी हलवा, नाहीतर पुन्हा जाम होईल. आता ह्यात मधल्यामध्ये मी. म्हणून म्हटलं एकदाचं सविस्तर लिहूनच टाकावं, म्हणजे पुढचा पाहुणा आला की फोनवर हेच उघडून हातात द्यायचं.

तर झालं असं की मी ५२ वर्षांची, बाई, वर डायबेटिस, म्हणजे फ्रोजन शोल्डरला लागतं ते सगळं माझ्याकडे तयारच होतं. हा आजार साधारण चाळीस ते साठ ह्या वयात गाठतो, बायकांना जास्त, आणि शुगर किंवा थायरॉईड असेल तर अजूनच जास्त. मागच्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईनंतर उजवा खांदा ठणकायला लागला तेव्हा सगळ्यांनी माळ्यावरच्या भांड्यांवर खापर फोडलं, मीसुद्धा. पण भांडी जागेवर गेली, दिवाळी गेली, संक्रांत गेली, दुखणं काही जाईना. मग हळूहळू हात वळेचना. आधी गेलं ते कोपर अंगाशी ठेवून हात बाहेरच्या बाजूला फिरवणं, मग वेणी घालणं, मग ब्लाऊजची हुकं, आणि नाशिकच्या बायकांना कळेल असं सांगायचं तर गाडीवर निघताना तोंडाला स्कार्फ बांधता येईना. तो मागे नेऊन गाठ मारायची म्हणजे दोन्ही हात वर आणि मागे, आणि माझा एक हात तर कानापर्यंतसुद्धा पोचत नव्हता. रात्री त्या कुशीवर वळलं की असली कळ यायची की उठूनच बसायचं.

गंमत म्हणजे एक्स-रे एकदम नॉर्मल. डॉक्टरांनी मला हात उचलायला सांगितलं, नाही गेला, मग त्यांनी स्वतः धरून उचलायचा प्रयत्न केला, तरी तिथेच अडकला, म्हणाले हीच खूण. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते, कॅप्सूल म्हणतात, ती आधी सुजते, मग जाड होते आणि आक्रसते. धुवून आटलेल्या ब्लाऊजमध्ये हात कसा अडकतो तसा सांध्यातला हाडाचा गोळा त्या पिशवीत अडकतो. का होतं ते नेमकं कुणालाच पक्कं सांगता येत नाही. बोस्टनला कॉडमन नावाचे सर्जन होते, 'फ्रोजन शोल्डर' हे नाव त्यांनीच १९३४ साली रूढ केलं, आणि त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं की हा आजार समजावून सांगायलाही अवघड आणि बरा करायलाही अवघड. नव्वद वर्षं होऊन गेली त्याला.

ऑपरेशन करा असं मी कुणालाही सांगत नाहीये हां. बहुतेकांचा हा खांदा वर्ष-दोन वर्षांत, कधी तीन वर्षांत, बऱ्यापैकी मोकळा होतो, गोळ्या, फिजिओ आणि खांद्यातलं स्टेरॉईडचं इंजेक्शन एवढ्यावर. माझा मुलगा पुण्याला असतो, त्याने मला एका ब्रिटिश अभ्यासाची लिंक पाठवली होती, २०२० साली लॅन्सेटमध्ये आलेला, ५०३ पेशंट, तिथल्या सरकारी दवाखान्यातले. त्यात काहींना इंजेक्शन आणि फिजिओ, काहींचा भूल देऊन हात फिरवून सांधा मोकळा केला, आणि काहींचं दुर्बिणीतून ऑपरेशन. वर्षभराने बघितलं तर तिन्ही गट सुधारले होते, आणि कुठलाच उपाय दुसऱ्यांपेक्षा फार उजवा ठरला नाही. मुलगा म्हणाला बघ आई, मग कशाला कापाकापी. मी म्हटलं बाळा, इंजेक्शन घेऊन झालं, पुढचे काही दिवस शुगर कुठच्या कुठे गेली होती ते तू बघितलं नाहीस, फिजिओ करून झाली, वर्ष उलटून गेलं, आणि शुगरवाल्यांचा खांदा जास्त हट्टी असतो. त्याचं त्याला पटलं की नाही माहीत नाही, पण ऑपरेशनला रजा काढून आला.

आधी शुगर ताळ्यावर आणायला लावली, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी ती एचबीएवनसी टेस्ट ठीक आल्यावरच तारीख मिळाली. ऑपरेशन म्हणजे दोन-तीन छोटी भोकं, एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून हत्यार, आणि आखडलेली पिशवी गोल गोल कापून मोकळी करायची. मला काहीच कळलं नाही, झोपेतच होते. मात्र भुलीच्या डॉक्टरांनी मानेत जे ब्लॉकचं, म्हणजे अख्खा हात बधिर करायचं इंजेक्शन दिलं होतं त्याबद्दल सांगायलाच हवं. शुद्धीवर आले तर उजवा हात आहे की नाही तेच कळेना, उचलून बघितला तर जड लाकूड, पापणी एका बाजूची खाली आलेली, आवाज बसलेला, श्वास जरा अपुरा वाटतोय. भुलीच्या डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी अर्धांगवायूच समजले असते. हे सगळं त्या ब्लॉकमुळेच होतं आणि तो उतरला की जातं. पण तो उतरतो तो बहुतेक रात्री-अपरात्री, आणि उतरला की मग खरा खांदा जागा होतो. त्यामुळे ब्लॉक चालू आहे, दुखत नाहीये, मग गोळी कशाला, असं करू नका. नर्स देतील ती गोळी वेळेवर घ्या. आणि ड्रेसिंगमधून लालसर पाणी झिरपलं तर घाबरू नका, ऑपरेशनच्या वेळी आत सलाईन सोडतात ते बाहेर येत असतं. सासूबाईंनी उशीवरचा डाग बघितला आणि देवापुढे दिवाच लावला. ताप, वाढती लाली, पू, किंवा ब्लॉक उतरूनही बोटं बधिर राहिली, तर मात्र लगेच फोन करायचा असं आम्हाला कागदावर लिहून दिलं होतं.

आता मुद्द्याचं. डॉक्टरांनी ह्यांना ऑपरेशनच्या खोलीतला व्हिडिओ दाखवला, माझा हात भुलीत असताना सरळ वर, कानाला लागलेला. हे घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटले की झालं काम, हात गेला वर. आणि दुसऱ्या दिवशी मी स्वतः उचलायला गेले तर छातीच्या वर जाईना. कारण पिशवी कापली तरी आजूबाजूला सूज आहे, दुखणं आहे, आणि वर्षभर न वापरलेले स्नायू घाबरून घट्ट धरून बसलेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कापलेली जागा भरून येते, आणि हात न हलवता गप्प ठेवला तर ती पुन्हा आखडूनच भरून येते. म्हणजे सर्जनने दिलेली जागा आहे ती राखायची असेल तर पहिल्या दिवसापासून रोज त्या जागेतून हात फिरवत राहायचं, बाकी दुसरा उपाय नाही. गळ्यातली ती पट्टी, स्लिंग, ती फक्त ब्लॉक उतरेपर्यंत आणि नंतर गर्दीत बाहेर जाताना. घरात काढून ठेवायची.

हे लोकांना पटत का नाही तर प्रत्येकाने कुणाचं तरी खांद्याचं ऑपरेशन बघितलेलं असतं आणि ते वेगळंच असतं. खालच्या काकूंच्या भावाचं झालं होतं, त्याच्या खांद्यातल्या स्नायूंच्या दोऱ्या, रोटेटर कफ म्हणतात त्या, फाटल्या होत्या आणि शिवल्या होत्या. त्याला दीड महिना हात पोटाशी बांधून ठेवायला सांगितला होता आणि ते बरोबरच होतं, शिवलेलं पुन्हा उसवू नये म्हणून. माझं काही शिवलेलंच नाही, माझं मोकळं केलंय. दोघांचीही भोकं सारखीच, पट्टी सारखीच, आणि पथ्य अगदी उलटं! त्यामुळे डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांना सरळ विचारा की माझं नेमकं काय केलं, काही शिवलंय का, आणि हात कधीपासून किती हलवायचा. आणि खांदा शिवलेला असेल तर माझं वाचून हे व्यायाम कृपा करून सुरू करू नका.

व्यायाम तसे साधेच आहेत, पण रडवतात. पहिला लोलकाचा. डाव्या हाताने टेबल धरून पुढे वाकायचं, उजवा हात सैल सोडायचा आणि अंगाच्या झोक्याने हलू द्यायचा, पुढे-मागे, मग गोल. ह्यालाही कॉडमनचंच नाव आहे. मग पाठीवर झोपून डाव्या हाताने उजवा उचलून डोक्याकडे न्यायचा. मग कोपर अंगाशी चिकटवून काठीने हात बाहेर ढकलायचा, हा सगळ्यात वाईट, ह्याला मी वायपरचा दांडा काढून घेतलाय आणि आता घरात फरशी पुसायची वेळ आली की मावशी आधी माझ्याकडे दांडा मागायला येते. मग भिंतीवर बोटांनी चढत जायचं. फिजिओने पेन्सिलने खूण करायला सांगितलं होतं, ह्यांनी बेडरूमच्या नव्या रंगावर स्केचपेनने केल्या, तारखांसकट. आणि दारावर अडकवायची पुली, सर्जिकलच्या दुकानात मिळते, एक हात खाली ओढला की दुसरा वर. एक सांगते, ती दाराच्या ज्या बाजूला दार आपल्याकडे उघडत नाही त्या बाजूने बसून करा आणि दाराला कडी लावा. आमच्याकडे मी पुलीवर असले की त्या खोलीतून कुणाला बाहेर पडता येत नाही, एवढंच.

वेळ लक्षात ठेवायची युक्ती म्हणजे दुखण्याची गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाने बसायचं. आधी गरम पाण्याची पिशवी (सुरुवातीचे सुजेचे दिवस सोडून), नंतर बर्फ. बर्फाला मटार चांगले, थंडीत आपल्याकडे स्वस्त झाले की सोलून फ्रीजरमध्ये पिशव्या भरलेल्याच असतात, त्यातली एक कापडात गुंडाळून खांद्यावर टाकायची, ती बरोबर बसते. फक्त त्या पिशवीवर नाव टाका, नाहीतर ती पुलावात जाते. आणि नाशिकच्या थंडीत पहाटे पारा दहाच्या आसपास असताना खांद्यावर बर्फ ठेवून बसायचं म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून कळणार नाही. सकाळचा सेट मी म्हणूनच ऊन अंगणात आल्यावर करते. थंडीत खांदा आखडून घ्यायची सवय असते ना आपल्याला, कान झाकेपर्यंत, ती फिजिओने आरशासमोर उभं करून मोडली, कारण हात वर न्यायच्या ऐवजी आपण अख्खा खांदाच वर उचलतो आणि वाटतं गेला हात वर.

आता घरातलं. झोपायचं आडवं नाहीच, पाठीला तीन उशा लावून अर्धवट बसून, आणि कोपराखाली एक उशी, म्हणजे हात मागे लोंबत नाही. कपडे घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी, हे एक वाक्य मी कपाटावर चिकटवलंय. पुढून बटणांचे गाऊन आणि ह्यांचे जुने शर्ट, साडी नाही, टीशर्ट तर अजिबातच नाही. ब्रा पुढून हुकाची मिळते, दुकानात सरळ मागा, लाजायचं काय त्यात. आंघोळीला त्या लोलकाच्या पोझमध्येच वाकायचं, हात आपोआप अंगापासून लांब होतो आणि काखेत पाणी-साबण जातो, नाहीतर तिथे ओल राहून पुरळ येतं. टाके निघेपर्यंत वर प्लास्टिक. आणि टॉयलेटचा जेट, तो सगळ्या घरांत उजव्या बाजूलाच का असतो हे प्लंबर लोकांना कुणीतरी विचारलं पाहिजे. आम्ही शेवटी मगच ठेवला डावीकडे.

जेवण पहिले काही दिवस डाव्या हाताने चमच्याने. सासूबाईंना ते बघवायचं नाही, त्या म्हणायच्या मी भरवते. मग फिजिओनेच सांगितलं की कोपर अंगाशी ठेवून कमरेच्या उंचीवरची कामं उजव्या हाताने करा, मग ताट जरा उंच टेबलावर ठेवून उजव्या हातानेच जेवायला लागले, वरण-भात तोंडापर्यंत नेतानासुद्धा व्यायाम होतो.

आणि इथे खरी लढाई. घरातल्यांचं प्रेम इतकं की माझ्या हातातून सगळंच काढून घ्यायला लागले. मी चहा ठेवायला उठले की हे पातेलं हिसकावणार, मी मेथी निवडायला घेतली की मावशी जुडी उचलून नेणार. हे अंबडला कंपनीत, शिफ्ट संपवून येताना पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या घेऊन यायचे, भाजी स्वतः करायचे, मार्गशीर्षातल्या गुरुवारची पूजासुद्धा त्यांनीच मांडली, कलशावर नारळ उलटा ठेवला पण मांडली. मला त्या माणसाचं कौतुक आहे, खरंच आहे. पण सगळं काढून घेतलं की माझा हात परत पोटाशी जाऊन बसतो, नकळत. मग मी फिजिओलाच घरच्यांसमोर बोलायला लावलं आणि वाटणी करून घेतली. उचलायचं आणि जोर लावायचं ते सगळं त्यांचं, कुकर, पाण्याची कळशी, कणीक मळणं, मिक्सरचं झाकण, वरच्या फळीवरचे डबे. आणि निवडणं, सोलणं, चिरणं, घड्या घालणं माझं. शिवाय ओटा पुसणं! ओल्या फडक्यावर हात ठेवून पुढे सरकवत नेणं हा फिजिओच्या यादीतलाच व्यायाम आहे, ती टेबलावर नॅपकिन ठेवून करायला सांगते, मी म्हटलं मग ओटाच पुसते की. आमचा ओटा सध्या अख्ख्या इंदिरानगरात सगळ्यात स्वच्छ असेल. आराम मला द्या, दुपारी झोपू द्या, पाहुण्यांचा चहा करू नका म्हणा, रात्री टीव्हीचा आवाज कमी करा. हाताला नको.

एक धोक्याचं सांगते, कारण मलाही दोघांनी पत्ता दिला होता, की अमुक ठिकाणी एकजण हात ओढून मोकळा करून देतो. अजिबात जायचं नाही. आपलं वय, हाडं ठिसूळ व्हायला लागलेली, कुणी हिसका दिला तर खांदा मोकळा व्हायचा सोडून हाड मोडायचं. तेलाने हलक्या हाताने चोळून घ्यायला हरकत नाही, टाक्यांपासून लांब, सासूबाईंना तेवढंच समाधान. जोराचं ओढणं फक्त फिजिओकडे, तिला कुठे थांबायचं ते कळतं.

फिजिओला जायचं म्हणजे रिक्षा, आणि रिक्षात बसताना दुखरा खांदा आतल्या बाजूला येईल असं बसा, मुंबई नाक्याच्या सर्कलला रिक्षावाला गचकन वळवतो तेव्हा दांडी चांगल्या हाताने धरता आली पाहिजे. पहिल्या आठवड्यांत प्रत्येक गतिरोधक मला नावाने ओळखत होता. फिजिओची बिलं मात्र सगळी जपून ठेवा, पॉलिसीत बऱ्याचदा ऑपरेशननंतरचा काही दिवसांचा खर्च धरलेला असतो, त्यात डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओ बसते का ते ऑपरेशनच्या आधीच एजंटला विचारून घ्या, नंतर नाही.

मधे एक आठवडा असा आला की भिंतीवरची खूण वर सरकेचना, उलट खालीच आली. तेव्हा मी फार चिडले, ह्यांच्यावर, फिजिओवर, त्या स्केचपेनवर. ती म्हणाली असं होतं, रोजच्या रोज बघू नका, आठवड्याने बघा, आणि शुगरचा आकडा दाखवा आधी. आकडा वाढलेलाच होता. लाडवांचं काय झालं ते मी लिहीत नाही.

सध्याची परिस्थिती अशी की हात समोरून जवळजवळ पूर्ण वर जातो, बाजूने अजून अडतो, बाहेर वळवणं बरंच आलंय. सिटीलिंकच्या बसमध्ये वरची दांडी उजव्या हाताने धरली मी गेल्या आठवड्यात, उभं राहायची गरज नसताना, बसायला जागा होती तरी. पाठीमागे मात्र हात अजून कमरेपाशीच अडकतो. टॉवेलचं एक टोक वरून डाव्या हाताने धरायचं, दुसरं खालून उजव्याने, आणि हळूहळू वर ओढायचं, हे चालू आहे. फिजिओ म्हणते पाठीमागचं सगळ्यांचंच उशिरा येतं, काही महिने धरून चाला. ॲक्टिव्हा कव्हरखालीच आहे, डॉक्टरांचं म्हणणं अचानक ब्रेक मारून दोन्ही हातांनी गाडी सावरता आली पाहिजे तोवर किल्ली मागू नका. आणि ह्याच खांद्याला पुन्हा सहसा होत नाही, पण शुगर असेल तर दुसऱ्या खांद्याला होऊ शकतं असंही त्यांनी सांगून ठेवलंय, म्हणून मी सगळे व्यायाम डाव्या हातालाही करवते, तो अजून मुकाट्याने करतोय.

कुणाचं हेच ऑपरेशन झालं असेल तर मला एवढंच सांगा, कुशीवर झोपायला तुम्ही कधी लागलात?